तुरुंगातला रविवार कुणाचा?

या वर्षावासात कासार आंबोलीच्या आमच्या वस्तीत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. अंगुलिमालाचे प्रकरण संपले तेव्हा मागे बसलेला एक तरुण उभा राहिला. पिरंगुटच्या पट्ट्यात कंत्राटी काम करणारा हा मुलगा मारामारीच्या गुन्ह्यात चौदा महिने कच्चा कैदी म्हणून आत होता आणि नुकताच जामिनावर सुटला होता. तो म्हणाला, “दादा, आत दर रविवारी ख्रिस्ती लोक यायचे. गोल करून बसवायचे, बायबल वाचायचे, घरच्यांची चौकशी करायचे. जय भीमवाला एकसुद्धा आला नाही.”

सगळे गप्प झाले. मग कुणीतरी नेहमीचे वाक्य टाकले, “ते धर्मांतरासाठी येतात.” आम्हाला त्याची लाज वाटली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरातून जन्मलेल्या समाजाने दुसऱ्याच्या धर्मांतराला गुन्हा म्हणावे? संविधानाच्या कलम २५ ने दिलेले सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य तुरुंगाच्या दारात काढून ठेवायचे नसते. प्रश्न ते का येतात हा नसून आपण का जात नाही, हा आहे.

ख्रिस्ती माणूस तुरुंगात जातो, कारण त्याच्या ग्रंथातच तुरुंग आहे. पौलाने काही पत्रे बंदिवासातून लिहिली. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात कैद्याला भेटणे म्हणजे प्रत्यक्ष येशूला भेटणे मानले आहे. त्यामुळे हे काम त्याच्यासाठी जोडधंदा नाही, धर्माचाच भाग आहे. अशा अभ्यासगटात एक जण उतारा वाचतो, मग प्रत्येकाला विचारले जाते, ‘यातून तुला काय कळले?’ ज्याला पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत कुणी मत विचारले नाही, त्याला पहिल्यांदा कुणीतरी मत विचारते. याची ताकद आपण ओळखली पाहिजे.

मात्र तुरुंगातले ग्रंथवाचन आपोआप मुक्तीकडे नेते, असे नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. महाराष्ट्रातला हा सर्वात गाजलेला तुरुंगातला ग्रंथवर्ग. त्याच वर्षी येरवडा तुरुंगात गांधीजींनी उपोषण मांडले आणि २४ सप्टेंबरला बाबासाहेबांना पुणे करारावर सही करावी लागली. एका तुरुंगात गीतेतला स्वधर्म समजावला जात होता, दुसऱ्या तुरुंगातून अस्पृश्यांचे स्वतंत्र मतदारसंघ काढून घेतले गेले. म्हणून ग्रंथ कोणताही असो, आपण विचारायचे: वाचतो कोण, कुणासाठी, आणि वाचून झाल्यावर कैद्याच्या हातात काय उरते?

इथेच बायबलच्या गटालाही आमचा प्रश्न आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशात ५,७३,२२० कैदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारातल्या तिघांवर गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. अशा माणसाला ‘तू पापी आहेस, पश्चात्ताप कर’ एवढेच सांगितले, तर न्यायाधीशाआधी आपणच निकाल दिला. बाबासाहेबांनी मिशनऱ्यांवर हाच आक्षेप घेतला होता: त्यांनी अस्पृश्यांना ख्रिस्ती केले, पण ख्रिस्ती समाजातली जात मोडली नाही. हा आक्षेप आपल्यालाही लागू होतो. कैद्याला नुसते डोळे मिटून बसायला शिकवायचे आणि त्याचा जामीन का अडला हे विचारायचे नाही, हाही त्याच जातीचा उपदेश.

जात तर तुरुंगात लेखी नियमाने नांदत होती. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला, तेव्हा कुठे जातीवरून झाडू आणि स्वयंपाक वाटणारे तुरुंग नियमावलीतले नियम घटनाबाह्य ठरले आणि नोंदवहीतला जातीचा रकाना काढण्याचा आदेश झाला. आदेश कागदावर झाला. आत झाडू अजून कुणाच्या हातात आहे, हे बाहेरून नियमित जाणाऱ्या माणसालाच दिसणार.

ग्रंथ आणि न्याय एकत्र ठेवणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर होऊन गेला. फादर स्टॅन स्वामी जेझुइट धर्मगुरू होते. झारखंडमधल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी ते उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली, तळोजा तुरुंगात ठेवले गेले आणि ५ जुलै २०२१ रोजी ते कच्चे कैदी असतानाच वारले. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० ला, ऐन भीमजयंतीला, शरण जावे लागले. या दोघांसाठी आपण निषेध सभा घेतल्या, आणि त्या घ्यायलाच हव्या होत्या. पण चोरी, मारामारी, दारू अशा फुटकळ गुन्ह्यांत सडणाऱ्या बिननावाच्या पोरांसाठी कोणती सभा झाली?

खरे बोलायचे तर आमच्या वस्तीतला तो मुलगा आत गेला, तेव्हा आम्हीच म्हणालो होतो, “समाजाचे नाव घालवले.” त्याच्या आईला जामीनदार मिळेना आणि आम्ही जयंतीच्या वर्गणीचा हिशेब करत होतो. बाबासाहेबांनी मात्र आपल्या ग्रंथात पतित आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र भाग दिला आहे. लोक अडवत असताना बुद्ध स्वतः अंगुलिमालाच्या वाटेने गेले. अंगुलिमाल विहारात येईल, मग बघू, असे ते म्हणाले नाहीत. आपण ते प्रकरण दरवर्षी वाचतो आणि पुस्तक कपड्यात गुंडाळून ठेवतो.

मित्रांनो, काम अवघड नाही, चिकाटीचे आहे. तुरुंग अधीक्षकांची लेखी परवानगी काढा आणि महिन्यातून दोन ठरलेले दिवस धरा. कोणत्याही जातीधर्माचा कैदी बसू शकेल, कुणावर दीक्षेची सक्ती होणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. एका हातात ग्रंथ असेल, तर दुसऱ्या हातात जामिनाची यादी ठेवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित खटले वगळता, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याची सुटका व्हायला हवी. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या शिक्षेची आहे. अशी नावे काढून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी अडकलेल्यांसाठी वस्तीत माणसे उभी करा. आत ख्रिस्ती स्वयंसेवक भेटले तर त्यांच्याशी भांडू नका. ते आधी पोचले आहेत, त्यांना विचारा आणि शिका.

कासार आंबोलीत आम्ही पाच जणांनी नावे दिली आहेत. सहावे नाव त्याच तरुणाचे. त्याच्यावर खटला चालू आहे, त्यामुळे त्याला आत पाठवण्याचा आग्रह आम्ही धरलेला नाही. तो बाहेर बसून अर्ज लिहिणार आहे. कोणाला किती महिने झाले, हे त्याला तोंडपाठ आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!