गुरुजींची कुलपरंपरा

11 जून हा साने गुरुजींचा स्मृतिदिन. 1950 सालीं याच दिवशीं ते गेले. आमच्या कर्जत-खालापुराकडील अनेक घरांत 'श्यामची आई' हें पुस्तक पोथीच्या आदरानें जपलेलें असतें. परंतु पोथीचें होतें तेंच त्याचेंहि होतें; तिला गंधफूल मिळतें, पण ती काय सांगते इकडे लक्ष राहत नाहीं.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजीं दापोलीजवळच्या पालगडचा. घराणें खोताचें, पण संपत्ति ओसरलेली. राहिली होती ती आईची शिकवण. 1924 मध्यें ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले आणि छात्रालयाचा भार त्यांजकडे आला. मुलांच्या खोल्या त्यांनीं झाडाव्या, मळके कपडे धुवावे, मुलांसाठीं स्वहस्तें दैनिक लिहावें. अध्यापनाच्या कोणत्याहि परीक्षेस हा विषय नसतो. तो त्यांनीं घरून आणला होता. 1930 मध्यें कायदेभंगासाठीं त्यांनीं नोकरी सोडली, आणि 1933 च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत आईच्या आठवणी लिहून काढल्या.

त्यांतील एक प्रसंग वाचकांनीं पुन्हा काढून पाहावा. एका वृद्ध महार स्त्रीची मोळी खालीं पडते. उचलून द्यावयास कोणी धजत नाहीं. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. आणि घरीं आल्यावर स्नान कर. त्या माउलीच्या दयेस सीमा नव्हती, पण काळानें आंखलेली रेघ तिच्याहि दारांत होतीच. ती मनानें रेघेपाशीं आली, आणि मुलाला तिनें पलीकडे धाडलें.

मुलगा स्नानासाठीं परतला नाहीं, असेंच म्हणावें लागेल. पंढरीचा विठोबा हरिजनांस मोकळा व्हावा म्हणून गुरुजींनीं महाराष्ट्रभर दौरा केला आणि 1 मे 1947 पासून पंढरपुरांत उपोषण आरंभिलें. सनातनी मंडळींचा विरोध झाला. तरी दहा दिवसांनीं निर्णय झाला व मंदिर उघडलें. हा परंपरेचा त्याग म्हणावा काय? आमच्या मतें हेंच तिचें पालन. आईनें जेथवर आणून सोडलें, तेथून एक पाऊल पुढें टाकणें हेंच मातृऋण फेडणें होय.

आमच्या तालुक्यांतील महडचा वरदविनायक, भक्तांस गाभाऱ्यांत जाऊन स्वहस्तें पूजा करूं देणारा म्हणून ख्यात आहे. देवास जें साधलें, तें आपल्या माजघरास साधलें आहे काय? ठाकर-कातकरी पाड्यांवरचीं मुलें पावसांत भिजत शाळेंत येतात, आपल्या मुलांशेजारीं बसतात, डबा वांटून खातात. सुटीच्या दिवशीं त्यांतील एखादें मूल आपल्या घरीं पानावर बसलें असेल, तर गृहिणींनींच सांगावें. बहुतेक घरांत त्यास ओटीवरूनच निरोप मिळतो. कोणी वाईट बोलत नाहीं, पण आंतहि बोलावीत नाहीं. ती जुनीच रेघ. केवळ फिकी झालेली.

'श्यामची आई' मध्यें 42 रात्री आहेत. यंदाच्या चातुर्मासांत रोज रात्रीं एक वाचावी. मुलांसमवेत डोळे अवश्य पुसावे. मग आजीनें वा आईनेंच विचारावें कीं, बाळ, तुझ्या वर्गांतील कोणता मित्र अजून आपल्या घरीं जेवला नाहीं?