चौदाव्या दिवसाच्या लेंड्या

"डाक्टर, औषधात दम ऱ्हाईला न्हाई." माण तालुक्यातल्या एका वाड्यावर शेळ्या राखणाऱ्या आबांनी मला हे सुनावलं, तेव्हा मी त्यांच्यावरच ढकललं. अंदाजानं पाजलं असेल, निम्मं सांडलं असेल. त्या कळपाला वर्षानुवर्षं जंतांवरचं तेच पांढरं अल्बेंडाझोल मीच लिहून देत होतो, हे मात्र सोयीनं विसरलो.

शेळ्या खंगल्या, दोघींच्या जबड्याखाली पाणी उतरलं, तेव्हा शहाणा झालो. दहा शेळ्यांच्या लेंड्या घेतल्या. जमिनीवरच्या नव्हे, थेट गुदद्वारातून. 4 ग्रॅम लेंड्या 56 मिलिलिटर मिठाच्या दाट पाण्यात कुस्करल्या, गाळल्या. जंतांची अंडी वर तरंगतात. खाचांच्या काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली मोजून 50 नं गुणायचं. ग्रॅममागे सरासरी 1,400 अंडी निघाली. शेळ्या तोलून, मापानं त्याच औषधाचा डोस पाजला. चौदाव्या दिवशी पुन्हा मोजली, तर 800! चांगलं औषध 95 टक्क्यांच्या वर अंडी घटवतं. इथं पुरती निम्मीही घटली नव्हती. आबा बरोबर होते.

यात नवल काही नाही. अल्बेंडाझोलच्याच कुळातलं थायाबेंडाझोल 1961 साली बाजारात आलं आणि 1964 मध्येच अमेरिकेत मेंढ्यांचे जंत त्याला दाद देईनासे झाले. डोसानं लेचेपेचे जंत मरतात, निबर उरतात, आणि पुढची वीण त्यांचीच. त्यात शेळीचं शरीर औषध मेंढीपेक्षा लवकर निपटतं. मेंढीच्या मापानं शेळीला पाजणं म्हणजे जंतांना तालीम देणंच.

मी नोकरीत भरलेल्या अहवालांत किती जनावरांना पाजलं याचा रकाना असे. जंत मेले की नाही, याचा कधीच नव्हता. मीही तो मागितला नाही.

जंतांनी शेळीचं रक्त किती आटवलं, ते आबा खालची पापणी उलटून बघतात. दक्षिण आफ्रिकेत त्यासाठी पाच रंगांचा तक्ता केलाय. पापणी पांढुरकी पडलेल्यांनाच पाजावं, सगळ्या कळपाला नको. म्हणजे औषधाला बळी पडणारे जंतही कळपात शिल्लक राहतात. हे मला आबांकडून आधीच शिकता आलं असतं.

शेळीवाल्यांनो, पुढच्या खेपेला बाटली मागण्याआधी दवाखान्यात लेंड्या न्या. औषध पाजल्यावर चौदाव्या दिवशी पुन्हा न्या. डॉक्टर कुरकुरले तरी न्या.