पाव फुगला कशाने?

गेल्या महिन्यात एक आई आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीला सिलिअॅक हा आजार आहे. दोन वर्षांपूर्वी निदान झाले, गहू बंद केला आणि मुलीचे वजन वाढू लागले. आता मात्र पोट फुगणे, जुलाब आणि चिडचिड पुन्हा सुरू झाली होती. "डॉक्टर, पथ्य अगदी कडक पाळतोय हो," आई सांगत होती. ती खोटे बोलणारी नव्हे. मग बिघडले कुठे?

चौकशी केल्यावर उलगडा झाला. वर्गातल्या मैत्रिणी डब्यात सँडविच आणतात म्हणून मुलीने हट्ट धरला. वडिलांनी ओळखीच्या बेकरीवाल्याला गळ घातली. त्या भल्या माणसाने ज्वारी-तांदळाचा खास पाव करून दिला. मऊ, फुगलेला, सुरीने सुबक कापता येणारा. वडिलांनी तो कौतुकाने मलाही आणून दाखवला होता आणि मी शाबासकी दिली होती. आता विचारल्यावर बेकरीवाला सहज म्हणाला, "थोडा मैदा घालावाच लागतो डॉक्टरसाहेब. त्याशिवाय फुगत नाही."

यात त्याची चूक कमी आणि माझी जास्त. पाव इतका चांगला निघाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

गव्हात ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळताना त्याची चिवट जाळी बनते. यीस्टमुळे तयार होणारा वायू त्या जाळीत अडकतो आणि पाव फुगतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका यांत ही जाळी नाही. म्हणूनच भाकरी थापावी लागते, पोळीसारखी लाटता येत नाही.

सिलिअॅकच्या रुग्णाला हेच ग्लूटेन बाधते. शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते, अन्नरस शोषला जात नाही. मग जुलाब, रक्तक्षय, मुलांची वाढ खुंटणे. काहींना पोटाचा त्रास नसतोच, नुसता रक्तक्षय असतो. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार आढळतो. दक्षिणेत प्रमाण बरेच कमी आहे. आपल्याकडे मात्र जंत, अशक्तपणा म्हणून टॉनिके देण्यातच वर्षे जातात. या मुलीलाही मी वर्षभर लोहाचे औषध देत होतो, हे कबूल केले पाहिजे.

गव्हाचा हा दोष प्रथम सिद्ध केला हॉलंडच्या डॉ. विलेम डिके यांनी. त्यांना संशय आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तेथे पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुले सुधारली. पाव परत आल्यावर पुन्हा खंगली. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. आजही गहू, जव व राय आयुष्यभर वर्ज्य करणे हाच उपचार आहे. एक सूचना महत्त्वाची : संशय आल्यास आधी टीटीजी ही रक्ततपासणी व गरज पडल्यास दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासून घ्यावा. गहू आधीच बंद केला तर निदान हुकते.

आता पावाकडे वळू. गव्हाविना पाव होतच नाही असे नाही. तांदळाचे पीठ, बटाट्याचा स्टार्च, अंडे आणि जाळीच्या जागी इसबगोल घालून तो करतात. तो थोडा जड असतो, लवकर भुगा होतो, भाजून खाल्ल्यास बरा लागतो. मात्र जिथे दिवसभर मैदा मळला जातो, हवेतही मैदा उडतो, त्या बेकरीत तो करून घेऊ नये. घरी करावा किंवा पाकिटावर 'ग्लूटेनमुक्त' असे स्पष्ट छापलेला घ्यावा. आपल्या देशात अशा पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

ही मर्यादा किती बारीक आहे, ते गिरणीत कळते. गव्हानंतर लगेच ज्वारी टाकली आणि जात्यात राहिलेले मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, गव्हाचे पीठ पाच किलो ज्वारीत मिसळले, तर ग्लूटेन या मर्यादेच्या वीसपटीहून अधिक होते. म्हणून पावाच्या शोधाआधी गिरणीचा बंदोबस्त करा. धान्य घरच्या छोट्या चक्कीवर दळावे आणि त्या चक्कीत गहू कधीच टाकू नये. परात, तवा, पोळपाट वेगळे ठेवावे. बांधानी हिंगातही बहुधा मैदा असतो. थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरी गहू असतो. उपवासाची भाजणी चालते, पण तीही घरीच दळलेली.

डब्याचे काय? पाण्याची उकड काढून केलेली तांदळाची किंवा ज्वारीची पातळ भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते. तिला हिरवी चटणी लावून, आत बटाटा, काकडी घालून दुमडली की मुले आवडीने खातात. तांदळाच्या घावनाचेही तसेच. तरीही मुलीने पावच मागितला तर तिला रागावू नका. तिला चारचौघींसारखा डबा हवा आहे, एवढेच.

शेवटी एक विनंती नातेवाईक, शिक्षक आणि यजमानांना. "एवढ्याशाने काय होतंय?" हे वाक्य या घरांपुरते तरी टाकून द्या. सत्यनारायणाच्या प्रसादाचा रव्याचा शिरा मुलीने नाकारला तर तो देवाचा अपमान नव्हे. तिच्या हातावर केळे ठेवा, तोही प्रसादच.

बेकरीवाल्याने मैद्याचा तो पाव बंद केला. मुलीची प्रकृती हळूहळू सुधारते आहे. परवा तपासणीला आली तेव्हा तिने डबा उघडून दाखवला. दुमडलेल्या घावनाचे तिने सुरीने बरोबर तिकोनी तुकडे केले होते.