गोवारी स्मारकापाशी

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून कामानिमित्त नागपूरला जाणाऱ्यांची पावले उच्च न्यायालयाकडे वा विधानभवनाकडे वळतात. झीरो माईलजवळच्या गोवारी शहीद स्मारकाकडे क्वचितच. गेल्या आठवड्यात आम्ही तेथे मुद्दाम थांबलो. भोवती वाहनांचा ओघ अखंड चालू होता. थांबणारे आम्हीच होतो.

हे स्मारक कोणा एका नेत्याचे नव्हे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले असता, गोवारी समाजाचा मोर्चा नागपुरात आला होता. गुरे राखून पोट भरणाऱ्या या समाजाची मागणी एकच होती : अनुसूचित जमातीत आमची गणना व्हावी. आपले निवेदन कोणी मंत्री येऊन स्वीकारील, या आशेवर ती माणसे दिवसभर तिष्ठत राहिली. सायंकाळी लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती.

बर्लिन शहरात नाझींनी मारलेल्या ज्यूंचे स्मारक २००५ साली खुले झाले. तेथे काँक्रीटचे २७११ ठोकळे उभे आहेत. त्यांवर एकही नाव नाही. नावे जमिनीखालच्या दालनात आहेत. तो संहार आणि नागपूरची दुर्घटना यांची तुलना आम्ही करीत नाही. परंतु एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच खरी : दगड काही सांगत नाही, त्याचा अर्थ पाहणाऱ्याला बरोबर न्यावा लागतो. जो जाणत नाही, त्याला ते केवळ रस्त्याकडेचे बांधकाम.

गोवारींची मागणी २०१८ साली उच्च न्यायालयाने मान्य केली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. कायद्याचा तो वाद येथे उकरण्याचे कारण नाही. मागणी मान्य करणे न करणे हा एक प्रश्न. ती ऐकून घेणे हा निराळा. दुसऱ्यासाठी ना कायदा लागतो, ना निधी. लागतात ती केवळ मंत्र्याची चार पावले.

अधिवेशनाच्या काळात शेतकरी, शिक्षक, अंगणवाडी सेविका आपापली गाऱ्हाणी घेऊन नागपूरला जातात; त्यांत आमच्या जिल्ह्यातले लोकही असतात. मोर्चा ज्या दिवशी येईल त्याच दिवशी, दिवस मावळण्यापूर्वी, जबाबदार मंत्र्याने त्यास सामोरे जावे, एवढा दंडक शासनाने स्वतःस घालून घ्यावा. त्यावाचून २३ नोव्हेंबरला वाहिलेली फुले हा निव्वळ उपचार होय.