विश्लेषण : रिमोटची गाडी शॉकअपबद्दल काय शिकवते?

चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे येताना पावसाळ्यात दुचाकीस्वाराचे सगळे लक्ष खड्डे चुकवण्यात असते. जो खड्डा चुकत नाही, तो शॉकअप सोसतो. शॉकअप म्हणजे कंबर वाचवण्याची सोय, असा आपला समज आहे. तो अपुरा आहे. शॉकअपचे मुख्य काम चाक रस्त्याला टेकवून ठेवणे हे आहे, आणि रिमोटवर धावणाऱ्या छोट्या गाडीत ते डोळ्यांना दिसते.

स्प्रिंग असताना शॉकअप कशाला?

स्वस्त खेळण्यातल्या गाडीला बहुधा नुसती स्प्रिंग असते. उंचवट्यावरून उडाली की ती चेंडूसारखी उसळत राहते. चाक हवेत असेपर्यंत स्टिअरिंग चालत नाही आणि ब्रेकही लागत नाही. कारण स्प्रिंग धक्का साठवते आणि परत करते, संपवत नाही. शर्यतीच्या, खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या गाडीत स्प्रिंगच्या आत तेलाने भरलेली बोटाएवढी नळी असते. उसळी जिरवते ती ही नळी.

नळीत काय घडते?

नळीत एक दांडी, तिच्या टोकाला पिस्टन आणि पिस्टनला जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरची काही छिद्रे असतात. चाक वर-खाली झाले की सिलिकॉन तेलाला या छिद्रांतून जावे लागते. सुई लावलेली सिरिंज हळू दाबली तर सहज दबते, जोरात दाबली तर अडते, तसेच हे. या ओढाताणीत तेल किंचित तापते आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत विरते. तेल फार घट्ट असेल तर चाक खड्ड्याबरोबर खाली उतरत नाही. फार पातळ असेल तर गाडी डोलत राहते. म्हणून हौशी मंडळी ट्रॅक पाहून तेल बदलतात आणि त्यातले हवेचे बुडबुडेही काढतात.

आपल्या दुचाकीचे काय?

तत्त्व तेच. पुढच्या शॉकअपचे ऑइल सील गेले की तेल पाझरते. स्प्रिंग शाबूत असल्याने गाडी चालत राहते, उलट मऊ वाटते. धोका इथेच आहे. चाक उसळत असताना ब्रेक लावला तर गाडी थांबायला जास्त अंतर लागते. तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी सुटल्यावर ट्रक-टँकरच्या शेजारून जाणाऱ्यांना हे अंतर परवडणारे नाही.

तपासायचे कोणी?

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. तोवर सक्तीची तपासणी म्हणजे पीयूसी, आणि ती फक्त धुराची. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या आठवड्यात कारखान्यांनी आपल्या पार्किंगमधल्या दुचाकींचे शॉकअप तपासून घ्यावेत. आयटीआयच्या मुलांना हे काम सहज जमेल.

तोवर घरी एवढे करा. दुचाकी स्टँडवरून काढा, पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात खाली दाबा आणि सोडा. ती वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा डोलली किंवा शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला, तर पाऊस सुरू होण्याआधी गॅरेज गाठा.