इंग्रजीतील जड शब्द आणि आपली मुले

प्रस्तुत अंकाला आपण स्मरणिका म्हणतो आणि बोलताना सर्रास सोव्हेनिर म्हणतो. सोव्हेनिर हा शब्द आपल्यापर्यंत फ्रेंचमार्गे आला असला तरी त्याचे मूळ लॅटिन आहे. खालून वर येणे, मनात उगवणे, असा त्याचा अर्थ. माजी विद्यार्थ्यांना आपण अल्युम्नाय म्हणतो. ज्याचे पोषण केले गेले तो अल्युम्नस. निवासी शाळेत वाढलेल्या मुलामुलींसाठी याहून नेमका शब्द शोधून सापडणार नाही. हॉस्टेल, हॉटेल आणि हॉस्पिटल ही तर सख्खी भावंडे. ज्या लॅटिन शब्दापासून ती निघाली त्याचा अर्थ पाहुणाही होतो आणि यजमानही.

स्कूल या शब्दाचा इतिहास मात्र इतका गोड नाही. त्याचे मूळ ग्रीक असून त्याचा मूळ अर्थ फुरसत असा आहे. प्राचीन अथेन्समध्ये ही फुरसत कोणाला होती? ज्यांची शेते, खाणी आणि घरे गुलाम राबून चालवीत, त्यांनाच. अध्यापनशास्त्राला आपण बी.एड.च्या वर्गात पेडॅगॉजी म्हणून शिकलो, त्या शब्दाच्या मुळाशी पैदागोगोस आहे, म्हणजे मालकाच्या मुलाला शाळेत नेऊन पोहोचविणारा माणूस. आणि हा माणूस बहुधा गुलामच असे. ज्ञानाच्या दारापर्यंत रोज जायचे, पण आत जागा आपली नाही, ही स्थिती आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस असे वाटते की इंग्रजी शब्दसंग्रहाची घडण ही निव्वळ व्याकरणाची बाब नसून सामाजिक इतिहासाची बाब आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढील काही शतके राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच, धर्माची व विद्येची लॅटिन, आणि राबणाऱ्यांची इंग्रजी अशी विभागणी झाली. गोठ्यातील जनावराचे नाव काऊ राहिले, ताटातील मांसाचे बीफ झाले. न्यायालयातील वादविवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा १३६२ साली झाला, तरी न्यायालयीन नोंदींतून लॅटिन हद्दपार व्हायला १७३३ साल उजाडले. दरम्यान सोळाव्या शतकात विद्वानांनी लॅटिन व ग्रीकमधून शब्दांची इतकी आयात केली की टीकाकार त्यांना दौतीतले शब्द म्हणून हिणवू लागले. जॉन चीक यांनी बायबलमधील एका शुभवर्तमानाचे भाषांतर करताना असे शब्द टाळून देशी शब्द घडवून पाहिले. त्यांचे कोणी ऐकले नाही.

याच काळातील एक ग्रंथ आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीतील पहिला एकभाषिक शब्दकोश रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाने १६०४ साली प्रसिद्ध केला. त्यात सुमारे अडीच हजार कठीण शब्द होते आणि तो विशेषतः स्त्रिया व अन्य अशिक्षित जनांसाठी असल्याचे त्याने मुखपृष्ठावरच नमूद केले होते. त्या काळच्या ग्रामर स्कुलातील ग्रामर म्हणजे लॅटिनचे व्याकरण, आणि तेथे मुलींना स्थान जवळजवळ नव्हतेच. ज्यांना मूळ भाषा शिकू दिली नाही, त्यांच्यावर त्या भाषेचे शब्द तर लादले गेले. मग त्यांच्यासाठी कोश करावा लागला. ऑक्सफर्डमधील ग्रीकची सक्ती १९२० साली उठली. कुंपण एवढा काळ टिकले.

मराठीत वेगळे काय घडले? डोळा आपला दुखतो, पण इस्पितळाच्या पाटीवर नेत्र विभाग असतो. दात आपला किडतो, वैद्य मात्र दंतवैद्य. इंग्रजीतही आय आणि ऑप्टिकल, टूथ आणि डेंटल, मून आणि ल्यूनर अशी घरचा शब्द व दरबारी शब्द यांची जोडी आहे. ज्या संस्कृतमधून आपले दरबारी शब्द आले, ती भाषा शाळेत शिकण्याची बाबासाहेबांची इच्छा असूनही त्यांना पर्शियन घ्यावी लागली. पुढे ते स्वप्रयत्नाने संस्कृत शिकले, तिच्यातील ग्रंथ त्यांनी मुळातून तपासले, आणि प्रस्थापितांना त्यांच्याच आधारांनिशी उत्तर दिले. कुलपाची घडण ज्याला कळते त्याला कोणाच्या परवानगीची गरज उरत नाही.

आमच्या मुलांची अडचण दहावीनंतर उघडी पडते. मराठी माध्यमातून आलेले हुशार मूल अकरावी विज्ञानाच्या वर्गात बसते आणि शब्दांच्या लांबीनेच खचते. आपल्यालाच इंग्रजी जमत नाही, असे ते मनाशी ठरवून टाकते. वस्तुतः हे शब्द शेजारच्या इंग्रज मुलालाही जन्मतः येत नसतात. शिवाय आपल्या मुलाजवळ एक भांडवल असते, त्याकडे कोणी लक्ष वेधीत नाही. दहावीच्या पुस्तकातील संधिपाद हा शब्द म्हणजे आर्थ्रोपोडाचे तुकड्याला तुकडा लावून केलेले भाषांतर होय: आर्थ्रो म्हणजे सांधा, पोड म्हणजे पाय. एकायनोडर्माटा तो कंटकचर्मी. त्यातील डर्मा म्हणजे कातडी, जी पुढे डर्मॅटॉलॉजिस्टच्या पाटीवर भेटते. आर्थ्रो कळला की आजीच्या गुडघ्याचा आर्थ्रायटिसही कळतो. अँफिबिया म्हणजे दोन्हीकडे जगणारा, उभयचर. मराठी शब्द फोडता येणाऱ्या मुलाला इंग्रजी शब्द फोडणे जड जाऊ नये.

यावर काही सहकारी म्हणतात की ही चैन आहे, परीक्षेत यावर प्रश्न येत नाहीत. प्रश्न येत नाहीत हे खरे. पण पाठांतराने एक शब्द एकदा येतो आणि एक मूळ ओळखले तर दहा शब्द अर्धे ओळखीचे होतात, हा हिशेब आम्हांस अधिक पटतो. मुळे फसवितात, हेही मान्य केले पाहिजे. पेडेस्ट्रिअनमधील पेड हा लॅटिन पाय, पीडिॲट्रिक्समधील ग्रीक बालक. टँकरवरील इनफ्लेमेबल या शब्दातील इन नकारार्थी समजणारा जिवानिशी जायचा. ऑक्सिजन म्हणजे आम्ल जन्माला घालणारा. प्रत्येक आम्लात तो असतोच, या लाव्हॉझिएच्या चुकीच्या समजुतीवरून ते नाव पडले आणि चूक सुधारली तरी नाव राहिले. असे अपवाद शिकविण्यातच खरी गंमत आहे. मुले ते विसरत नाहीत.

आमची सूचना साधी आहे. पाचवीपासून दहावीपर्यंत आठवड्याला दोनच मुळे घ्यावीत, आणि ती केवळ इंग्रजीच्या शिक्षकाने नव्हे तर विज्ञान, भूगोल व गणिताच्या शिक्षकांनीही घ्यावीत. जिओ, ग्राफ, मीटर, थर्मो, हायड्रो, पोर्ट, स्क्राइब येथून प्रारंभ करावा. रात्रीच्या अभ्यासिकेत एक फळा त्यासाठी राखून ठेवावा. त्यावर शिक्षकाने मूळ लिहावे आणि त्यापासून झालेले शब्द आठवडाभरात मुलांनी शोधून भरावेत. लहान गटाने पोर्टखाली पोर्टर लिहिले, तर मोठ्या गटाने रिपोर्ट आणि पासपोर्ट लिहावा, आणि त्यावर वाद घालावा. खडूचा खर्च शाळेला परवडेल.