कॉफीला पर्याय तरोट्याचा, चहाला अंबाडीचा

पाऊस ओसरला की चंद्रपूर-गडचिरोलीत मूल-सिंदेवाहीपासून धानोरा-एटापल्लीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना तरोटा माजलेला दिसतो. पावसाळ्याच्या तोंडावर याच्याच कोवळ्या पाल्याची भाजी घरोघरी होते. मग दोन-तीन महिने त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. दिवाळीच्या सुमारास शेंगा वाळून तडकू लागल्या की बायका त्या झोडपून बिया काढतात आणि गावात फिरणाऱ्या व्यापाऱ्याला किलोवर विकतात. पुढे कारखान्यात त्या बियांपासून गोंद निघतो आणि तो डबाबंद खाद्यपदार्थांना घट्टपणा आणायला, बहुतांशी कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात, वापरला जातो. गावाच्या पदरी पडतात ते निव्वळ कच्च्या मालाचे पैसे.

जपानमध्ये तरोट्याच्याच कुळातली, दिसायला अगदी अशीच बी भाजून पाण्यात उकळतात आणि ‘हाबुचा’ म्हणून रोज पितात. चीन आणि कोरियातही तो घरगुती काढा आहे. मंद आचेवर लोखंडी कढईत बी परतत राहिले की ती हळूहळू तडतडते, रंग गडद होतो आणि घरभर जो वास सुटतो तो थेट कॉफीच्या जवळ जाणारा असतो. कॅफीन मात्र त्यात नाही. कॉफी सोडू पाहणाऱ्याला सर्वात जास्त चुकचुकल्यासारखे होते ते त्या भाजक्या, कडवट चवीवाचून, आणि ती चव इथल्या रस्त्याच्या कडेला उगवते.

तरीही चंद्रपूर किंवा नागपूरच्या मोठ्या दुकानात ‘फुलांचा चहा’ मागितला तर हाती पडते कॅमोमाइलची डबी. कॅमोमाइलमध्ये वाईट काही नाही. युरोपातल्या आज्या शतकानुशतके ते फूल उकळत आल्या आहेत. पण झाडीपट्टीतल्या माणसाने कॉफीला पर्याय शोधताना आपल्या धुऱ्यावरचे आणि रानातले सोडून आधी परदेशी डबीकडे हात न्यावा, हे पटण्यासारखे नाही.

पर्याय शोधायचाच कशाला, असे विचारणाऱ्यांसाठी एक सरकारी दस्तऐवज पुरेसा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे 2024 मध्ये आहाराविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दीडशे मिलिलिटर फिल्टर कॉफीत 80 ते 120 मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत 50 ते 65 आणि चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसाला 300 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे त्यात म्हटले आहे. त्याहून महत्त्वाचा इशारा जेवणाचा आहे. जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर चहा-कॉफी घेऊ नये, कारण त्यातले टॅनिन अन्नातले लोह शरीरात शोषू देत नाही. ज्या भागात बायकांमध्ये रक्तक्षय घरोघरी आहे, तिथे ही सूचना दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागायला हवी. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: पुदिना किंवा कॅमोमाइलसारख्या वनस्पतींचे काढेही लोहाच्या शोषणात अडथळा आणतात, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे वनस्पतीचा चहा आहे म्हणून तो जेवणाच्या ताटालगत चालतो, असे नाही. तासाचे अंतर त्यालाही लागू.

भाजलेल्या मुळाची कॉफी पिणे आपल्याला नवे नाही. दुकानातल्या ज्या पाकिटाला लोक कॉफी म्हणतात, त्यात अनेकदा चिकोरी असते. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात चिकोरीचे प्रमाण 49 टक्क्यांपर्यंत ठेवायला भारतात कायद्याने परवानगी आहे. चिकोरी म्हणजे गुजरात-उत्तर प्रदेशात पिकणाऱ्या एका मुळाची भाजलेली पूड. तिच्यातही कॅफीन नाही. विदर्भात खरी कॉफी पिकते ती चिखलदऱ्याच्या थंड डोंगरावर. मे महिन्यात पारा 46-47 अंशांना भिडणाऱ्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीत तिचे झाड तग धरणार नाही. तरोटा मात्र कुणी न लावता येतो.

सुरुवात करायची असेल तर ती अंबाडीपासून करावी.

लाल अंबाडीचे फूल गळून गेल्यावर हिरव्या बोंडाभोवती जी मांसल, आंबट, गडद लाल पाकळ्यांसारखी वेष्टने उरतात, त्यांची विदर्भात चटणी होते, शरबत होते. इजिप्त आणि सुदानमध्ये यालाच ‘कर्कदे’ म्हणतात, सेनेगलमध्ये ‘बिसाप’, मेक्सिकोत ‘हामाइका’. शहरातल्या दुकानात ‘हिबिस्कस टी’ या नावाने जी महाग पाकिटे मिळतात, त्यांतही बहुधा हेच असते. हिवाळ्यात ताजी बोंडे बाजारात येतात तेव्हा लाल वेष्टने सोलून बिया बाजूला करायच्या, वेष्टने धुऊन पातळ कापडावर सावलीत कडकडीत वाळवायची आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरायची. कपभर उकळत्या पाण्यात चार-पाच वाळकी वेष्टने टाकून पाच-सात मिनिटे झाकून ठेवली की पाणी माणकासारखे लाल होते. दूध घालू नये, आंबटपणाने ते फाटते. ॲल्युमिनियमचे भांडेही टाळावे. स्टील किंवा काच बरी. उन्हाळ्यात हेच पाणी गार करून, चिमूटभर मीठ आणि गूळ घालून, दुपारच्या चहाच्या जागी घेता येते. 46 अंशांत चौथा कप उकळता चहा पिण्यापेक्षा ते केव्हाही शहाणपणाचे.

अंबाडीच्या बाजूने चवीपलीकडचाही पुरावा आहे. अमेरिकेत 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रक्तदाब थोडा वाढलेल्या 65 प्रौढांपैकी काहींना सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा चहा दिला गेला. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सात अंकांनी उतरला. नुसते तशाच चवीचे पेय घेणाऱ्यांचा जेमतेम एका अंकाने. चाचणी लहान आहे, तिच्यावरून गोळ्या बंद करायच्या नाहीत. उलट जे आधीच रक्तदाबाच्या गोळ्या घेतात त्यांनी डॉक्टरांना विचारूनच हा चहा नेमाने सुरू करावा.

आणखी एक गोष्ट अंबाडीला सगळ्यांच्या पुढे नेते. ती धुऱ्यावर आणि परसात येते. तिच्यासाठी जंगलात जावे लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात ही साधी सोय राहिलेली नाही. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. मोहफुले आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे जंगलात शिरणारी प्रत्येक बाई हा धोका पत्करूनच जाते. शहरातल्या माणसाच्या कपासाठी तो धोका आणखी वाढवणारा कोणताही धंदा इथे उभा राहता कामा नये.

तरोट्याचा धोका निराळा आहे आणि तो लपवून त्याच्या कॉफीचे गुणगान करणे गुन्हा ठरेल. तरोट्याच्या शेजारीच कासविंदा उगवतो. दोन्ही एकाच कुळातले, दोन्हींना पिवळी फुले. कासविंद्याची बी मात्र विषारी आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षे लहान मुले एका गूढ मेंदूज्वराने दगावत होती. 2007 च्या सुमारास डॉक्टरांनी त्याचा माग कासविंद्याच्या शेंगांपर्यंत नेला. 2016 मध्ये ओडिशाच्या मलकानगिरीत अनेक आदिवासी मुले गेली, तेव्हाही तज्ज्ञांनी याच झाडाकडे बोट दाखवले. गंमत नव्हे, दुर्दैव असे की इंग्रजीत कासविंद्याच्या नावातच कॉफी आहे, कारण काही देशांत त्याचीही बी भाजून पितात. समाजमाध्यमांवर ‘रानटी कॉफी’ची कृती बघून कुणी चुकीची शेंग तोडली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

ओळख अवघड नाही, पण ती झाडाजवळच पटवून घ्यावी लागते. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात आणि पर्णिकेचे टोक बोथट, गोलसर असते; कासविंद्याला चार ते सहा जोड्या आणि टोक अणकुचीदार. तरोट्याची शेंग बारीक, लांब आणि बाकदार. कासविंद्याची चपटी, वर वळलेली, कडेला फिकट पट्टी असलेली. तरोट्याची बी कोनदार आणि चकचकीत, कासविंद्याची चपटी गोल. गावातल्या भाजी खुडणाऱ्या बाईला हे सगळे डोळे मिटून कळते. शहरातल्याने मात्र तरोट्याची बी स्वतः गोळा करण्याच्या फंदात पडू नये. ज्यांना झाड ओळखता येते त्यांच्याकडूनच घ्यावी. शिवाय शुद्ध तरोट्याची बीही पोट सैल करते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तिच्या वाटेला जाऊ नये, इतरांनीही ती अधूनमधून घ्यावी.

मोहाची गोष्ट जिभेपेक्षा कायद्याशी अधिक जोडलेली आहे. मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखाली पडणारी ती फिकट, रसाळ फुले वेचून अंगणात वाळवली की त्यांत साखरेचेच वजन अधिक राहते. वाळकी फुले किंचित भाजून पाण्यात उकळली तर वेगळी साखर न घालता गोड पेय होते. मधुमेह असणाऱ्याने म्हणूनच ते टाळावे. पण मोहफूल म्हटले की प्रशासनाच्या डोळ्यांपुढे आधी दारू उभी राहते. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. त्या साऱ्या काळात आदिवासीच्या घरातले मोहफुलांचे पोते हे संशयाचे पोते होते. 2021 मध्येच राज्य सरकारने मोहफुले गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध सैल केले. त्याच वर्षी शेजारच्या छत्तीसगडमधून वाळलेली मोहफुले जहाजाने फ्रान्सला गेली. दारूबंदीच्या बाजूने असलेल्या माणसाने तर मोहफुलांच्या चहाचे, लाडूंचे, पाकाचे सर्वात मोठ्याने स्वागत केले पाहिजे. फुलाला भट्टीखेरीज दुसरे गिऱ्हाईक मिळाल्याशिवाय ते भट्टीकडे जायचे थांबणार नाही.

मोहाखालचा पालापाचोळा पेटवून जागा साफ करण्याची रीत मात्र सोडावी लागेल. जंगलातल्या वणव्यांचे ते एक ठरलेले कारण आहे. झाडाखाली जाळी बांधली तर फुले स्वच्छ मिळतात आणि आगही लागत नाही. पळसाची फुले खाली पडलेली तेवढीच वेचावीत. त्यांचे केशरी पाणी उन्हाळ्यात या भागाला माहीत आहेच. अर्जुनाची साल आणि अनंतमुळाचे मूळ यांच्या ‘आरोग्यदायी चहा’ला मात्र हात न लावलेला बरा. फूल आणि बी दरवर्षी येतात. साल सोलून काढलेले झाड मरू शकते.

हा धंदा कुणाच्या हाती असावा, याचे उत्तर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांनीच देशाला दिले आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि तिथल्या ग्रामसभेने आपला बांबू आपण विकून दाखवला. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गावाने पोळ्याला इजा न करता मध काढण्याची पद्धतही अंगवळणी पाडली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 2012 मध्ये हक्क मिळाला. तेंदूपत्त्यासाठी झाडे छाटली जातात, आगी लागतात, म्हणून हातचे पैसे सोडून तेंदूपत्ता तोडायचाच नाही, असे त्या ग्रामसभेने ठरवले. जंगलातून काय न्यायचे आणि काय नाही, हे ठरवण्याची अशी कुवत ज्या गावांत आहे, त्यांना पाकिटावर छापायच्या नावासाठी बाहेरच्या कंपनीची गरज नाही. त्यांना हवे आहे ते बी भाजण्याचे यंत्र, वाळवणीची जागा, तरोट्यात कासविंदा मिसळला नसल्याचे प्रमाणित करणारी प्रयोगशाळा आणि अन्न परवान्यासाठी मदत. 2018 पासून केंद्राची वनधन योजना बचत गटांना नेमक्या अशाच कामांसाठी पैसे देते. गडचिरोलीतल्या बायकांचे झाडांविषयीचे ज्ञान डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात कधीच नोंदवून ठेवले आहे, ते ज्ञान असलेल्या बाईला केवळ बी झोडपण्याची मजुरी मिळावी, हे न्यायाचे नाही.

दोन्ही जिल्हा परिषदांनी आपल्या बैठकांतल्या चहापासून सुरुवात करावी. अधिकारी आणि पाहुण्यांपुढे महिन्यातून चार वेळा बचत गटाचा अंबाडीचा चहा ठेवला, तर त्या गटाला पहिले पक्के गिऱ्हाईक मिळेल. वाचकांनीही या हिवाळ्यात आठवडी बाजारात अंबाडीची लाल बोंडे दिसली की किलोभर घ्यावीत, घासाघीस करू नये आणि घरी वाळवून ठेवावीत.